वरच्या मजल्यावरची शेगडी

2022 च्या वसंतात भाचीचा इंग्लंडहून फोन आला. युक्रेनमधून आलेल्या एका आई-मुलीला घरातली खोली द्यावी का, यावरून तिचं आणि जावईबापूंचं आठवडाभर वाजत होतं. "मावशी, तू लहानपणी हे सगळं पाहिलंयस. तूच सांग."

मी म्हटलं, "खोलीचं मागाहून बघू. त्या स्वयंपाक कुठं करणार?"

तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करते आहे.

आमचं घर लखनौला, चारबाग स्टेशनाकडून आलमबागेला जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीत. आजोबा रेल्वेच्या हिशेब खात्यात म्हणून इथं आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ आला, तो गाणं शिकायला. भातखंड्यांनी 1926 साली कैसरबागेत मॅरिस कॉलेज काढल्यापासून लखनौला मराठी गाणाऱ्यांची ये-जा असायचीच. हा भाऊ पुढं मुंबईला गेला आणि वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या.

1948 च्या जानेवारीत, 6 तारखेला, कराचीत दंगल झाली आणि तोवर जीव मुठीत धरून राहिलेले सिंधी हिंदू तिथून निघाले. महिन्याभरात त्यांतलं एक कुटुंब आमच्या दारात उभं होतं. नवरा-बायको, म्हणजे पुढं आमचे चाचाजी आणि चाची, म्हातारी सासू, दोन मुलं. मूळ सक्करचे. कराचीहून बोटीनं मुंबई, तिथून रेल्वेनं लखनौ, कारण अमीनाबादेत त्यांच्या कुणा नातेवाइकानं कापडाची फेरी सुरू केली होती. मी तेव्हा सहा वर्षांची. त्यांच्या मुलीच्या दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला होत्या, एवढं मला लख्ख आठवतं.

"पंधरा दिवस," आजी म्हणाली.

आजोबा लगेच हो म्हणाले, पण त्यांच्या औदार्याला कायद्याची थोडी फोडणी होती. तेव्हाच्या संयुक्त प्रांतात 1947 साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला होता. रिकामी झालेली जागा कुणाला भाड्यानं द्यायची, याचा हुकूम जिल्हाधिकारी काढू शकत. 'अलॉटमेंट' हा शब्द तेव्हा लखनौत पोराटोरांच्या तोंडी होता. कचेरीनं माणसं पाठवण्यापेक्षा आपणच निवडलेली बरी, असा आजोबांचा हिशेब. मला त्यात काही गैर वाटत नाही. निर्मळ पुण्याची वाट बघत बसलो असतो तर त्या खोल्यांत उंदीरच राहिले असते.

पहिले चार दिवस आजीनं दोन्ही वेळा ताटं वाढून वर पाठवली. पाचव्या दिवशी ताटं तशीच परत आली. आजी दुखावली. माजलेत, म्हणाली. आमच्या स्वयंपाकघरात त्यांना शिरकाव नव्हता; आजीचं सोवळं कडक, आणि हे लोक मासे-मटण खाणारे. म्हातारी सासू मात्र सकाळपासून जिन्याच्या तळाशी पातेलं घेऊन बसायची. आमचं आटोपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर कुणी काही शिजवू देईल का, हे तिनं तोंडानं कधी विचारलं नाही. आम्ही मुलं तिला ओलांडून खेळायला जायचो.

मग सातारा जिल्ह्यातून आजीच्या भावाचं पत्र आलं. 30 जानेवारीला गांधीजींची हत्या झाली, मारेकरी पुण्याचा ब्राह्मण, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आजीचं माहेर त्यातलंच एक. माणसं वाचली होती. शेजारच्या मराठा कुटुंबानं त्यांना आपल्या माडीवर लपवलं, आणि पत्र लिहिलं तेव्हा ती तिथंच होती. खायला-प्यायला काही कमी नाही, भावानं लिहिलं होतं, पण हिचं तोंड मिटलंय, कुणाशी बोलत नाही.

आजी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं बाजारातून लोखंडी शेगडी आणवली, कोळशाचं पोतं आणवलं आणि दोन्ही हमालाकडून वर चढवली. "काय हवं ते शिजवा. फक्त नळाला शिवण्याआधी हात धुवा." बाहेरून जिना होता, त्याच्या दाराची किल्लीही दिली. तिच्या सोवळ्यात तसूभर फरक पडला नाही, हेही सांगायला हवं.

त्या दिवसापासून वरून कांदा भाजल्याचा वास यायला लागला. त्यांची कोकी म्हणजे आपल्या थालीपिठाची सिंधी बहीण, कांदा-मिरची घातलेली जाड खरपूस पोळी. महिन्याभरानं गच्चीवर पापड वाळायला लागले. सासू-सुना लाटायच्या, चाचाजी अमीनाबादेत नेऊन विकायचे. एकदा आईनं कुणाशी बोलताना त्यांना शरणार्थी म्हटलं, तर ते थांबून म्हणाले, "बहनजी, शरणार्थी नहीं, पुरुषार्थी कहिए." हा शब्द तेव्हा उत्तरेत बऱ्याच निर्वासितांनी स्वतःसाठी धरला होता. आपला 'निर्वासित' नुसतं काय गेलं तेवढंच सांगतो.

पंधरा दिवसांची साडेतीन वर्षं झाली. भांडणं झाली, मुख्यतः नळावरून. भाडं थकलं. आणि समोरच्या बंद घराचा विषय दोन्ही मजल्यांवर कुणी काढत नसे. तिथलं मुसलमान कुटुंब कराचीला गेलं होतं. दारावर कस्टोडियनचं सील होतं, म्हणजे पाकिस्तानात गेलेल्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं. आमचा चेंडू त्या अंगणात गेला की तो गेलाच. पुढं ते घर पंजाबहून आलेल्या एका कुटुंबाला अलॉट झालं.

घराघरांनी जागा दिली हे खरं. पण त्यावर सगळं निभावलं असं म्हणणं खोटं ठरेल. आलमबागेत सिंधी-पंजाबी वस्त्या उठल्या. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींचं उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट तर दुहेरी आहे. रशियानं सैबेरियाकडे हाकलून दिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे येऊन 1943 ते 1948 तिथं राहिले. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं त्यांचं त्यांचं; खर्च सुरुवातीला लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारचा. ते गेले आणि त्याच छावणीत सिंधी आले. आज तिथं गांधीनगर आहे, कोल्हापूरकर घाऊक कापड घ्यायला जातात ते. मुद्दा असा की या सगळ्यांमागं कुणीतरी पैसा, जमीन, कागद उभा केला होता.

भाचीच्या बाबतीत तो कागद ब्रिटिश सरकारनं केला होता. युक्रेनियन लोकांना घरात ठेवणाऱ्याला महिना 350 पौंड, किमान सहा महिन्यांची तयारी, घराची तपासणी, यजमानाची पोलीस-नोंद तपासणी. आपल्याकडे आज परदेशातून युद्धानं पळून आलेल्या माणसाला घर द्यायचं तर गोष्ट निराळी. भारतानं 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या लेखी तो परदेशी नागरिक, आणि त्याला ठेवून घेणाऱ्यानं चोवीस तासांत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवायचं असतं. आमच्या वरच्या मजल्यावरचे लोक या देशाचे नागरिक व्हायलाच आले होते. त्यांना ही धास्ती नव्हती. म्हणून आमच्या आजीचं उदाहरण देऊन आजच्या माणसाला लाजवायला मी जाणार नाही.

भाचीनं खोली दिली. माझं ऐकून वेगळी इंडक्शन शेगडी आणि छोटा फ्रिजही त्या खोलीत ठेवला. जावईबापूंना बीटच्या वासाचा कंटाळा आला, वर्षभरात दोनदा कडाक्याचं वाजलं. आता त्या मायलेकी वेगळ्या फ्लॅटमध्ये राहतात.

आजी त्या साडेतीन वर्षांत वर एकदाच गेली. तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि आजोबांना मागायचा संकोच, म्हणून पदर खोचून हीच जिना चढली. मी मागोमाग. चाचीनं तिला सतरंजीवर बसवलं आणि सिंध्यांच्या रीतीप्रमाणे आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढं केलं. आजी त्या पापडाकडे बघत राहिली. परक्याच्या चुलीवरचं तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. सासू समोर बसून होती, हातात पंखा घेऊन. आजीनं एक तुकडा मोडला, मग दुसरा.

तासाभरानं खाली आलो, तेव्हा आजोबांनी विचारलं, "काय म्हणाले भाड्याचं?"

"मीठ जास्त होतं," आजी म्हणाली आणि पाय धुवायला गेली.