इनामगावची कच्ची माती

मातीतून मूर्ती घडवणाऱ्या कलावंताचा महाराष्ट्रातला माग काढत मागे जाऊ लागलो, की पावलं शिरूर तालुक्यात येऊन थांबतात. इनामगावाजवळ घोड नदीच्या उजव्या काठावर पांढरीची टेकाडं आहेत. इथून खाली वाहत गेलेली घोड दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. शंभराहून अधिक घरं उजेडात आली आणि इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती समोर उभी राहिली.

सुरुवातीला माळवा संस्कृतीचे लोक होते. इ.स.पू. १४०० च्या सुमारास जोर्वे काळ सुरू झाला आणि मातीकाम ऐन भरात आलं. चाकावर घडवलेली पातळ, टिचकी मारली तर खणखणणारी भांडी, लालसर अंगावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी, तोटीचे गडू, कंगोऱ्याचे वाडगे. कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत: कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंतावर काम करणारे. कुंभाराची गोल भट्टीही तिथे सापडली. आग कशी राखायची, माती किती तापवायची, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच इ.स.पू. १३०० च्या आसपासच्या एका घरात जे सापडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल पेटी पुरलेली होती. पेटीत एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती, झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती आणि सोबत एक बैल. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. मधे काडी खोवली की देवी बैलावर स्वार होते. म्हणजे घडवणाऱ्याने दोन वेगळे तुकडे करतानाच त्यांच्या जोडणीचा विचार केला होता. आणि हे सगळं न भाजलेल्या मातीचं. गावात उत्तम भट्टी धगधगत असताना देवी मात्र कच्चीच ठेवली! तिचा संबंध अभ्यासकांनी शाकंभरीसारख्या देवतांशी जोडला आहे. माझं लक्ष मात्र त्या हातांकडे जातं. रोजच्या वापराचं भांडं टिकावं म्हणून भाजायचं, पण पूजेची मूर्ती मातीला परत जाईल अशी ठेवायची, हा निर्णय मला विचारपूर्वक घेतलेला वाटतो. शाडूचा गणपती आणि पोळ्याचे मातीचे बैल करणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

हीच माणसं मृत्यूसाठीही माती घडवत होती. लहान मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात त्याला निजवायचं आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. हे कुंभ करड्या मातीचे, जाडसर, हाताने वळलेले. मोठ्या माणसांना उताणं पुरत, घोट्याखालची पावलं तोडून. एका पुरुषाला मात्र वेगळा मान मिळाला. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर होतं, त्याला धान्याचं कोठार होतं. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण निघाला. आत हा पुरुष मांडी घालून बसवलेला, पावलांसकट. असा रांजण चाकावर उतरत नाही. पाय जोडायचे, पोट फुगवत न्यायचं, ओल्या मातीने स्वतःचा भार पेलेपर्यंत थांबत थांबत चढायचं, हे सरळसरळ शिल्पकाराचं काम आहे.

इ.स.पू. १००० नंतर पाऊस रुसला, शेती खालावली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली. तरीही मातीकाम थांबलं नाही. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्तीच उठली, तेव्हा कुठे ते थांबलं.

महाराष्ट्राच्या शिल्पकलेची गोष्ट आपण भाजे-कार्ल्याच्या दगडापासून सांगायला लागतो. भाज्याची लेणी साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. इनामगावची देवी त्याआधी हजारभर वर्षं घडली होती. निदान शिरूर-दौंडच्या शाळांत तरी ही गोष्ट तिच्यापासून सुरू व्हावी, मुलांच्या हातात घोडकाठची माती देऊन.