टॉवरशिवाय फोन बोलतील का?

भिलाई-३ हून गोंदियाला माहेरी जाताना डोंगरगढ मागे पडलं आणि दरेकसाचं जंगल सुरू झालं की फोनची रेंज अनेकदा जाते. डब्यात प्रत्येकाच्या हातात फोन, पण दोन डबे पुढे बसलेल्या भावोजींना "चहावाला आला तर थांबवा" एवढंही कळवता येत नाही.

हे फोन थेट एकमेकांशी का बोलत नाहीत? खरं तर बोलू शकतात. माझ्या फोनने शेजारच्याला, त्याने पुढच्याला, असा निरोप हातोहात पोचवायचा. टॉवर नको, राऊटर नको. याला म्हणतात मोबाईल अ‍ॅड-हॉक नेटवर्क. अमेरिकी लष्कराच्या पैशावर याचे प्रयोग १९७० च्या दशकातच झाले.

महाराष्ट्रानेही ते पाहिलंय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्याशा शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. सशाच्या कानांसारख्या दोन अँटेना! लॅपटॉप झोपला तरी त्यातली वाय-फाय चिप इतरांचे निरोप पुढे सरकवू शकेल, अशी त्याची रचना होती. मोजक्या मुलांपुरतं ते ठीक. पण मोठ्या वर्गात सगळे लॅपटॉप एकदम बोलू लागले की हवेतच कोंडी व्हायची. शेवटी मोठ्या शाळांना नेहमीचे राऊटरच लावायला सांगण्यात आलं.

ही कोंडी टळणारी नव्हती. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्येच गणिताने दाखवलं होतं, की अशा जाळ्यात माणसं चौपट झाली तर प्रत्येकाच्या वाट्याचा वेग निम्म्याच्याही खाली जातो. प्रत्येक फोन स्वतःचं सोडून दुसऱ्यांचीच हमाली करत बसतो ना! म्हणजे चार ओळींचा निरोप जाईल, लग्नाचा व्हिडिओ नाही.

आणि पैसा? बॅटरी माझी, निरोप तुमचा. बिल कोणाला लावायचं? २०१४ च्या हाँगकाँग आंदोलनात फायरचॅट नावाचं अ‍ॅप लाखोंनी उतरवून घेतलं, पण गर्दी ओसरली आणि पुढे तेही बंद पडलं. सैन्याचं वेगळं, तिथे सगळे रेडिओ एकाच मालकाचे आणि खर्चाला तयारी. घरगुती ग्राहकाकडून यात कुणी कमावेल, असं मला तरी वाटत नाही.

फुकटात मात्र चालतं. ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक, जॅक डॉर्सी यांनी २०२५ मध्ये बिटचॅट आणलं. ते ब्लूटूथवर सात फोनांपर्यंत निरोप पुढे नेतं. दोन डब्यांना तेवढं बहुधा पुरेल. फक्त मधल्या प्रवाशांच्या फोनमध्येही ते हवं. गेल्या खेपेला मी आजूबाजूला विचारून पाहिलं; एकाकडेही नव्हतं. चहावाला तोवर पुढे गेला होता.