विश्लेषण : मुंबईचे सायंदैनिक ‘आफ्टरनून’ का मावळले?

मुंबईतले ‘आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरिअर’ हे इंग्रजी सायंदैनिक जुलै २०१९ मध्ये बंद पडले. १९८५ मध्ये सुरू झालेले हे पत्र ३४ वर्षे चालले. दुपारी छापून संध्याकाळच्या लोकलमध्ये वाचायचा हा वृत्तपत्रांचा प्रकार मुंबईतून कसा ओसरला, हे त्याच्या वाटचालीवरून समजते.

सुरुवात कशी झाली?

‘आफ्टरनून’चे संस्थापक-संपादक बेहराम कॉन्ट्रॅक्टर. ‘बिझीबी’ या टोपणनावाने ते ‘राउंड अँड अबाउट’ हे सदर लिहीत. टाइम्स समूहाच्या ‘इव्हिनिंग न्यूज ऑफ इंडिया’त १९६६ मध्ये सुरू झालेले हे सदर त्यांच्याबरोबर आधी ‘मिड-डे’त आणि मग ‘आफ्टरनून’मध्ये गेले. एका शहराच्या तीन सायंदैनिकांना एकाच लेखणीने बांधून ठेवले होते. इराणी हॉटेले, पावसात तुंबलेले रस्ते, क्रिकेट, राजकारण आणि बोलका बॉक्सर कुत्रा ‘बोल्शॉय’ हे सारे या सदरात एकत्र नांदत असे.

सायंदैनिक विकले का जाई?

सकाळचे वर्तमानपत्र आदल्या रात्री छापले जाते. त्यानंतर न्यायालयात काय घडले, शेअर बाजाराचे भाव काय, कसोटीत उपाहारापर्यंत किती धावा झाल्या, हे कळायला दूरदर्शन किंवा आकाशवाणीच्या बातम्यांची वाट पाहावी लागे. मधली ही पोकळी सायंदैनिक भरून काढत असे. अंक लहान आकाराचा, गर्दीच्या डब्यातही उघडता येईल असा. घरी परतणारा नोकरदार तो स्थानकाबाहेर विकत घेई. मराठीतही ही गरज होतीच. निखिल वागळे यांनी १९९० मध्ये सुरू केलेले ‘आपलं महानगर’ हे मुळात सायंदैनिकच.

गणित कुठे बिघडले?

सकाळचा अंक घरपोच येतो, त्याचे बिल महिन्याला चुकते होते. सायंदैनिकाला ग्राहक रोज नव्याने मिळवावा लागे. पाऊस, बंद, सुट्टी यांपैकी काहीही आले की खप घसरणार. त्यातच नव्वदच्या दशकाअखेर चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या, मग मोबाइलवर धावसंख्या आली आणि २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे डब्यातला प्रत्येक हात मोबाइलमध्ये गुंतला. ‘मिड-डे’ने दुपार सोडून सकाळची वेळ धरली आणि ते टिकले. ‘आफ्टरनून’ हे नावच वेळेला बांधलेले होते.

बिझीबींनंतर काय झाले?

ताजी बातमी इतरत्र मिळू लागल्यावर सायंदैनिकाकडे उरते ती त्याची शैली. ‘आफ्टरनून’ची शैली म्हणजे बिझीबी. ९ एप्रिल २००१ रोजी कॉन्ट्रॅक्टर यांचे निधन झाले. त्यानंतरही पत्र अठरा वर्षे निघत राहिले, पण अंक हाती घेताच आधी त्यांचे सदर उघडणाऱ्या वाचकाला ते कारण उरले नाही. दरम्यान कागदही महागत गेला. ५ जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्री कागदावर १० टक्के आयात शुल्क लागले. त्याच महिन्यात ‘आफ्टरनून’ थांबले. शुल्क हे बंद पडण्याचे मूळ कारण म्हणता येणार नाही, पण छोट्या पत्रांसाठी काळ किती कठीण होता हे त्यातून दिसते.

नुकसान कोणाचे?

कर्मचाऱ्यांचा रोजगार आणि संध्याकाळच्या विक्रेत्याची कमाई गेली, हे उघड नुकसान. दुसरे चटकन दिसत नाही. मोठ्या दैनिकाला जी घटना चार ओळींचीही वाटत नाही, ती सायंदैनिकात बातमी होई : एखाद्या गल्लीतला वाद, बंद होणारे हॉटेल, मैदानावरचा सामना. शहराचा रोजचा इतिहास अशा नोंदींतून उभा राहतो. बिझीबींच्या निवडक लेखांची पुस्तके निघाली, त्यामुळे ते लेखन सापडते. पण सायंदैनिकाचा अंक घडी घालून ठेवण्यासाठी नसतो. बहुतेक प्रती त्याच रात्री रद्दीत जात. म्हणूनच बंद पडलेल्या पत्रांच्या फायली ग्रंथालयांनी जपणे आणि त्यांचे डिजिटायझेशन होणे गरजेचे आहे. तसे झाले नाही, तर मुंबईच्या कित्येक दुपारी केवळ आठवणींतच उरतील.