गाणे कानाला का टोचते?

दिवाळीच्या खरेदीत घरात नवे स्पीकर यावेत, मंडळी हौसेने ऐकायला बसावीत आणि एकाच गायिकेची दोन गाणी दोन तऱ्हांनी ऐकू यावीत, हा अनुभव पुष्कळांना असेल. एक गाणे अलगद कानात उतरते. दुसऱ्यात झांजा खणखणतात, ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे वाजतात, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, “अरे, जरा बारीक कर ते!” दोष यंत्राचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण एकाच यंत्रावर एक गाणे गोड आणि दुसरे कर्कश लागत असेल, तर ते गाणे आपल्यापर्यंत कसे आले, हे पाहायला हवे.

मुळात आपला कानच पक्षपाती! सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंतची कंपने तरुण माणसाला ऐकू येतात. पण कान सर्वांत तिखट असतो तो २,००० ते ५,००० च्या पट्ट्यात. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. तिच्यात ३,००० च्या आसपासची कंपने आपोआप मोठी होतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हा पक्षपात मोजून दाखवला. आवाज बारीक केला की खर्ज आधी हरवतो, हेही त्यांना आढळले. म्हणूनच हळू लावलेल्या गाण्यातून डग्गा नाहीसा होतो आणि झांज मात्र टिकून राहते.

चढवलेले आणि न उतरवलेले

आता खरी मौज पुढेच आहे. तबकडी आणि टेप यांची स्वतःची खरखर उंच स्वरांच्या, म्हणजे ट्रेबलच्या भागात जास्त जाणवते. यावर तंत्रज्ञांनी युक्ती काढली: मुद्रण करताना ट्रेबल चढवायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे. गाणे मूळपदावर येते, खरखर तेवढी दबते. १९५४ साली अमेरिकेत ठरलेल्या नियमानुसार तबकडीवर ट्रेबल वरच्या टोकाला सुमारे २० डेसिबल चढवलेले असते आणि खर्ज जवळजवळ तितकाच उतरवलेला. वाजवताना हा हिशेब ‘फोनो’ जोडणी उलटा करते. ती वगळून तबकडी सरळ ॲम्प्लिफायरला जोडा. गाणे चिरकलेच म्हणून समजा!

कॅसेटवर ‘डॉल्बी’ असे छापलेले असेल, तर तिथेही हळू आवाजातले ट्रेबल चढवलेले आहे. यंत्रावरचे डॉल्बीचे बटण दाबल्याखेरीज ते उतरत नाही. १९८० च्या दशकातील काही सीडींवरही ट्रेबल असेच चढवलेले असते. सीडीवरची खूण ओळखून सीडी-प्लेअर ते उतरवतो. संगणकात गाणी उतरवून घेताना मात्र ही खूण पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

दुसरे कारण आहे हावेचे. आपले गाणे शेजारच्या गाण्याहून मोठे वाजावे म्हणून हळू स्वर वर उचलतात आणि मोठ्या स्वरांच्या लहरींचे शेंडे छाटतात. छाटलेल्या लहरीतून मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर उपजतात. ते कानाला टोचतात. २००८ साली ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या संग्रहाविषयी चाहत्यांनीच अशी तक्रार केली होती. त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली प्रत त्यांना अधिक मोकळी वाटली. अशा गाण्याचे ट्रेबल कमी केल्याने थोडा आराम पडतो, पण छाटलेले परत येत नाही.

तिसरे कारण आपल्याच दिवाणखान्यात! गुळगुळीत लादी, काचा आणि मोकळ्या भिंती ट्रेबल परत फेकतात. सतरंजी, गादी, जाड पडदे ते पिऊन टाकतात. नव्या, रिकाम्या फ्लॅटमध्ये जुनेच यंत्र एकदम कर्कश वाटते ते यामुळे.

हे जाणून घेण्याची निकड आज अधिक आहे. घरोघरी जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्या जात आहेत: आजीच्या ओव्या, लग्नातल्या मंगलाष्टका, गणेशोत्सवातले एखादे गाणे. डॉल्बीची कॅसेट ते बटण न दाबता उतरवली आणि मूळ कॅसेट रद्दीत गेली, तर पुढे ती चूक निस्तरणे फार कठीण. आजी गोड गळ्याची होती, हे पणतवंडांना कोणी सांगितले तरी पटणार नाही.

तेव्हा आधी कॅसेटवरची अक्षरे वाचा, मग तारेची जोडणी पाहा, स्पीकरचे तोंड कानापासून किंचित वळवा, खाली सतरंजी अंथरा. एवढे करूनही गाणे टोचले, तर मग खुशाल दुकानाची वाट धरा. आणि जुनी कॅसेट मात्र काही केल्या टाकू नका!