यंत्रमानवाचे केस

यंत्राला लिंग नाही, वर्ण नाही. मग त्याच्या बाबतीत पूर्वग्रह कसा संभवेल, असे कोणासही वाटेल. परंतु यंत्रमानवाला चेहरा मनुष्यच देतो, आणि चेहऱ्याबरोबर आपल्या समजुतीही देतो.

‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर पसरला. त्याचे मूळ ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. त्या नाटकातील कारखान्यात स्त्रीरूप यंत्रमानवही घडविले जातात. कारण काय, तर मोलकरणी आणि दुकानांतील विक्रेत्या स्त्रियाच असाव्यात, अशी लोकांना सवय!

ही केवळ नाटकातील गोष्ट नव्हे. जर्मनीतील दोघा संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. त्यांनी काहींना आखूड केसांचा यंत्रमानव दाखविला, काहींना लांब केसांचा. पहिला दुरुस्ती व पहारा यांसाठी अधिक योग्य ठरला. दुसरा घरकाम व शुश्रूषा यांसाठी. वस्तुतः केसांनी ना पाना फिरतो, ना रुग्णाची सेवा होते!

ओळखीच्या रूपाशी मनुष्य चटकन मोकळा होतो, म्हणून निर्मात्यांना हा मोह पडतो. पण मदतीस सदैव स्त्रीरूपच आले, तर पाहणाऱ्या मुलांची जुनी समजूत अधिकच घट्ट होते. बोलक्या यंत्रांना बहुधा स्त्रीचा आवाज देण्याच्या प्रथेवर युनेस्कोने २०१९ साली हाच आक्षेप घेतला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या अशी यंत्रे घडवील. त्याने अथवा तिने आराखडा काढण्यापूर्वी एवढेच स्वतःस विचारावे, असे आम्हांस वाटते : हे रूप कामासाठी आहे, की सवयीसाठी?