उसाच्या शिवारातलं जेवणाचं ताट



एकरी टनेज वाढलं, बिल हातात पडलं, की घरात सगळं आलं असं आपण धरून चालतो. पण उचगावच्या शिवारात उभं राहून चौफेर बघा. एका अंगाला गांधीनगरकडची वस्ती, बाकी बहुतेक ऊस. पूर्वी याच उसाशेजारी एका तुकड्यात जोंधळा असे, त्यात मूग, मटकी, चवळी. पाटाकडेला अळू, बांधावर शेवगा आणि अंबाडी. ऊस वाढला तसं हे एकेक निघून गेलं. आता भाजी आठवडी बाजारातून पिशवीत येते, आणि टिकत नाही म्हणून पिशवीत पालेभाजी कमी, बटाटाच जास्त.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या नमुना ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी काही अंडी-मटण) आणि धान्य २५० ग्रॅम आहे. बटाटा या भाज्यांत धरलेला नाही. आपलं ताट नेमकं उलटं असतं. भात-चपातीचा ढीग आणि भाजी तोंडी लावण्यापुरती.

याचा पहिला फटका घरच्या कारभारणीला. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा आमटीचं नुसतं पाणी उरलेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. बिल आलेल्या घरातही हे असतं, हे ध्यानात घ्यावं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्याच. पण पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला सोबत आंबट हवं : लिंबू पिळावं, आवळा किंवा पेरू खावा. मटकीला मोड आणले तर तेही कामाला येतं. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहातल्या तुरट अंशामुळं लोह शोषलं जात नाही. तास-दीड तासानं प्या, कोण नको म्हणतंय?

नाचणी आपल्या शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरात पिकते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तरी ‘गरिबाचं धान्य’ म्हणून आपण तिला मागं सारलं. उन्हाळ्यात ताक घालून आंबील केली तर पोरंसुद्धा पितात.

आता मुख्य गोष्ट, जागेची. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. विहिरीजवळ किंवा घरामागं एवढा तुकडा उसातून सोडला तर मेथी, तांदुळजा, चाकवत, शेपू आलटून-पालटून घेता येतात. कडेला शेवग्याची दोन झाडं लावा. त्याचा पालाही भाजीला चालतो. तेवढंही सोडवत नसेल तर सुरू लागणीत सरीच्या बगलेला मेथी-कोथिंबीर टाकावी. ऊस अंगावर यायच्या आत, महिना-सव्वा महिन्यात ती निघते. पूर्वहंगामी उसात हरभरा घ्यावा, त्याचा पाला खुडून भाजीही होते.

मात्र एक सांभाळा. टू-फोर-डीसारखं तणनाशक रुंद पानाचं सगळंच मारतं, आंतरपीकसुद्धा. पाथरी, घोळ या रानभाज्या उसातून हटल्या त्यालाही खुरप्याऐवजी आलेला पंप कारण आहे. फवारलेल्या सरीतली किंवा बांधावरची भाजी खुडून घरी आणू नये. आंतरपीक घ्यायचं तर त्या रानात खुरपणीच करावी.

साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहिताना हात जरा अडखळतो, पण सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम. दोन-दोन चमचे घातलेले पाच-सहा कप चहा, की झालं! गूळही त्याच हिशेबात धरायचा. आपली साखर देशभर खपते, ती घरच्यांनीच संपवायला पाहिजे असं नाही.

राहता राहिलं दूध. डेअरीला घालायच्या आधी पोरांचा आणि घरच्या लेकी-सुनांचा पेला बाजूला काढावा, आणि मग किटली उचलावी.