सुटी पाने आणि बांधलेला ग्रंथ
मंडळी, निर्णयसागर छापखान्याकडे आज जरा वेगळ्या अंगाने पाहू. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत तो काढला. १८८६ पासून तिथून ‘काव्यमाला’ निघू लागली, संस्कृत ग्रंथ छापून हाती आले.

आता बघा, पोथीची पानं सुटी, आणि लेखकू बदलला की पाठही थोडा बदलायचा. छापील फर्मे दुमडून, शिवून बांधले की क्रम पक्का होतो. मग काशीचा पंडित आणि पुण्याचा शास्त्री एकाच ओळीवर बोट ठेवून वाद घालू शकतात. पण चूकही तशीच प्रत्येक प्रतीत जाते! म्हणून ग्रंथाचं प्रामाण्य मुद्रितशोधकाच्या डोळ्यांवर उभं असतं. छापलंय म्हणून खरं मानू नका. तपासलं कुणी, ते आधी विचारा.